गोजराचे चार दिवस

गोजरा दर महिन्याला अमावस्येच्या आगेमागे चार दिवस बाहेर बसायची, आणि तिचं ते बसणं साफ खोटं होतं.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण तिच्याशिवाय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला नाही, आणि सासूला तर नाहीच नाही. गोठ्याला लागून पडवी होती. तिच्या कोपऱ्यात ती तरटाचा तुकडा टाकायची, वेगळी थाळी आणि वेगळा तांब्या घेऊन बसायची. येणारे-जाणारे चार हात लांबून जायचे. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की पुन्हा चुलीपाशी हजर. नाल्यावर जाऊन फडकी धुवायचं सोंगही ती नीट पार पाडायची. विटाळाच्या बाईकडे निरखून कोण बघतं? बघायचंच नाही असं सगळ्या गावानं ठरवून टाकलेलं, त्यामुळे लपवायला फार अक्कल लागली नाही. छाती मात्र लागली, आणि ती त्या पोरीकडे होती.

वऱ्हाडातल्या मालेगावपासून दोन कोसांवरचं ते गाव. विलायतेत दुसरी लढाई पेटायच्या आधीची दोन-तीन वर्षं. जगदेवचं घर खाऊनपिऊन सुखी, दोन बैलजोड्यांचं. गोजरा चौदाव्या वर्षी त्या घरात आली आणि सहा वर्षं होऊन गेली तरी पाळणा हलला नाही. विसाव्या वर्षी तिच्या अंगाला काहीतरी झालं. काय झालं ते तिला सांगता येत नव्हतं. चैत्रात माणसांची उन्हानं काहिली व्हायची आणि ही घोंगडी पांघरून बसायची. जात्यावर बसल्या बसल्या डोळा लागायचा. केस फणीत गुच्छागुच्छानं यायचे. आवाज बसका झाला, तोंड सुजल्यागत गोल झालं, आणि गळ्यावर, मणीपोतीच्या जरा वर, लिंबाएवढं आवाळू आलं. बायका म्हणायच्या, "गोजरी आंगानं भरली, बाप्पा! सासरचं मानवलं." मानवलं कसलं! त्या पोरीला सकाळी उठून घागर उचलायची म्हणजे डोंगर उचलल्यासारखं व्हायचं. गावच्या वैदूनं आवाळूवर बिब्याचा चटका दिला. तिथलं कातडं काळं पडलं आणि आवाळू होतं तिथंच राहिलं.

त्याच वर्षी तिचं महिन्याचं आटलं. एक महिना गेला, दुसरा गेला. सासूच्या, रंगूबाईच्या ध्यानात आलं तशी ती हरखून गेली. सुनेला घागर उचलू देईना, शेवया करून घाली, तुपाची धार सैल सोडी. गोजरालाही वाटलं, आलं आपलं नशीब. पण तिसरा महिना सरला तरी ना उमासे ना डोहाळे, पोटात काही असल्याची खूणच नाही. आत काही नाही हे बाईला कळतंच, कुणी सांगावं लागत नाही. आता हे घरात सांगायचं कसं? शेजारच्या बबनरावाच्या पहिल्या बायकोचं असंच पंचविशीत आटलं होतं. सहा महिन्यांत तिच्या उरावर सवत आली आणि ती बिचारी शेणागोठ्याची धनीण झाली. रंगूबाई त्या बाईकडे बोट दाखवून उघड म्हणायची, "बाई बाहेर बसते तवरोक आस हाये. बसणं सरलं का बाई सरली. माह्या गोजरीचं तसं नाई झालं तं मी जगदेवचं दुसरं लगन करू देनार नाई, आन हाये मले."

ही आण गोजरानं ऐकली होती. चौथ्या महिन्याच्या अमावस्येला तिनं तरट उचललं आणि पडवीत जाऊन बसली. रंगूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "सुटलं व माय लेकरू!" म्हणून ती रडली. तिकडे पाठ करून गोजराही रडली. पुढच्या महिन्यात पुन्हा बसली, त्याच्या पुढच्याही. सासूच्या डोळ्यातली आशा दर महिन्याला आपल्याच हातानं विझवायची आणि त्याच हातानं आपलं घर राखायचं, असा तो धंदा. तो तिनं दोन वर्षं चालवला.

जगदेव भला माणूस होता. दुसरीचा विषय निघाला की तो बैलांना पाणी दाखवायला निघून जायचा. बाजाराहून येताना गोजरासाठी गुळाची भेली, नाहीतर बांगड्यांचा जोड आणायचा आणि न बोलता उतरंडीपाशी ठेवायचा. "व्हईन तं व्हईन, नाई तं नाई," एवढंच म्हणायचा. त्याच्या ह्या एवढ्या बोलण्यावर गोजरा जगत होती म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीनंतर, मालेगावच्या बाजारात मिशनची डॉक्टरीण येऊ लागली. बाजाराच्या दिवशी तिची मोटार लिंबाखाली उभी राहायची, बाजूला तंबू, आत टेबल आणि टेबलावर बाटल्या. गोरी, उंच, पिकल्या केसांची बाई. मराठी बोलायची ती पुस्तकातली, सावकाश. तिच्या हातगुणानं कुणाला दिवस राहिले म्हणे. ते कानावर आलं तशी रंगूबाईनं दमणी जुंपायला सांगितली आणि सुनेला घेऊन स्वतः निघाली.

तंबूत गेल्यावर डॉक्टरणीनं गोजराचा हात हातात घेतला आणि घड्याळाकडे बघत राहिली. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली. हाताची कातडी चिमटीत धरून पाहिली. रबराच्या लहानशा हातोडीनं गुडघ्यावर टिचकी मारली आणि पाय किती आळसानं उडतो ते दोनदा बघितलं. मग एक घोट पाणी प्यायला लावून आवाळूवर बोटं ठेवली.

"तुला थंडी फार वाजते का?"

"हो जी."

"झोप फार येते? केस गळतात?"

"हो जी."

 ही बाई गोजराच्या अंगातलं वाचत होती. इतक्या वर्षांत गुरव, वैदू, सुईण झाले, पण थंडी वाजते का हे कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरीण रंगूबाईकडे वळली. "हिच्या गळ्यात एक गाठ आहे. ती सगळ्यांच्याच गळ्यात असते. ती आळशी झाली की सगळं शरीर आळशी होतं. बाईची पाळी बंद होते आणि मूल राहत नाही. त्यावर माझ्याजवळ गोळ्या आहेत. रोज घेतल्या तर पाळी पुन्हा येते, मूलही राहू शकतं." तिनं टेबलावरची तपकिरी बाटली उचलली. "पण औषध जोरदार आहे. नको त्या माणसाला दिलं तर हृदयाला त्रास होतो. म्हणून विचारते. हिची पाळी कधीपासून बंद आहे?"

रंगूबाई हसली. तिला तो मोठा मान वाटला. "बंद? बाई, काय बोलता! अमावस्या चुकन पन माही सून चुकत नाई. माह्या डोयानं पाह्यतो मी. चार दिवस बसते, पाचव्या दिवशी न्हाते. एका महिन्याचा खाडा नाई."

डॉक्टरीण थबकली. बाटली तशीच हातात. "तू सांग, मुली," ती गोजराला म्हणाली. "नियमित येते?"

तो एक क्षण होता, आणि तो गोजराला पुढं आयुष्यभर आठवला. समोर बाटली होती. तिच्यात गोजराचं सगळं होतं, लेकरू, नवरा, चूल, सगळं. फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण शेजारी, खांद्याला खांदा लावून, रंगूबाई उभी होती. 'नाही' म्हटलं की दोन वर्षांची लबाडी उघडी पडणार, आणि त्या गोळ्यांचा गुण येईपर्यंत घरात सवत येऊन बसणार. रंगूबाईनं सुनेची हनुवटी धरली. "सांग नं व, लाजतं कायले?"

"येते जी," गोजरा म्हणाली. "बरोबर येते."

डॉक्टरणीनं सुस्कारा टाकला आणि बाटली खाली ठेवली. डॉक्टर झाली तरी ती माणूसच. ऐकलं ते तिनं खरं धरलं. पाळी इतकी नियमित असेल तर गाठ आपलं काम करते आहे, असं ती म्हणाली. अंगात रक्त कमी आहे, त्यावर लोहाचं पातळ औषध दिलं. निघताना तिनं सरळ मनानं एक गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीनं घात केला. ती म्हणाली, "बाईत दोष दिसत नाही. कधी कधी दोष पुरुषात असतो. पुढच्या बाजाराला हिच्या नवऱ्याला घेऊन या. मी त्याला तपासायची सोय करीन."

दोघी परतीच्या वाटेला लागल्या. दमणी खडखडत होती, दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला. "आत्याबाई," गोजरा एकदा म्हणाली. "काय व?" म्हणून रंगूबाईनं तोंड वळवलं, आणि गोजराच्या जिभेला कुलूप लागलं. "काई नाई. ऊन लागून राह्यलं," ती म्हणाली. घोंगडी तर अंगावर होती! पण सासूला त्यातलं वावगं दिसलं नाही.

रंगूबाईनं डॉक्टरणीची ती गोष्ट अंगणात, हलक्या आवाजात लेकाला सांगितली. पण गावात हलक्या आवाजाची गोष्ट मोठ्या गोष्टीपेक्षा लवकर फिरते. दोन दिवसांत ती पारावर पोचली. बबनराव चिलीम ओढता ओढता म्हणाला, "काय जगदेव, मडमीनं तुले बलावलं म्हंतेत? जाय बापा, जाय. गुन आला तं आमालेबी सांगजो." पार खदखदून हसला. जगदेव उठून घरी आला. त्या दिवशी तो जेवला नाही. पुढं आठ दिवस वावरात जाताना पारावरची वाट सोडून नाल्याच्या अंगानं जायचा. न्हाव्याकडे जायचं त्यानं सोडलं. बाजाराला जायचं सोडलं. आणि एके दिवशी भाकर मोडता मोडता, ताटातून डोकं वर न करता, आईला म्हणाला, "माय, इंझोरीची ते पोरगी पाहून ठेव."

बस्स. ज्यासाठी गोजरा दोन वर्षं खोटी बसली, तेच तिच्या खोट्यानं दारात आणून उभं केलं. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणतात, तो असा.

मग तिचा धीर सुटला म्हणा की तिला धीर आला म्हणा. दुपारी वावरात, वेचणीच्या बाया भाकरीला बांधावर बसल्या असताना, ती जगदेवापाशी गेली. तो कापसाच्या गठ्ठ्याला दोर आवळत होता.

"आयकता का जी? तुमच्यात खोट नाई. खोट माह्यात हाये."

"काय?"

"दोन वरसं झाले, मले काईच येत नाई. मी खोटी बसते. आत्याबाईले दाखवाले. मडमीपाशीबी खोटं बोलली. ते मडम म्हने, गोया देतो, बरी व्हशीन. मले तिच्यापाशी घिऊन चाला. थोडे दिवस थांबा, दुसरं लगन नोका करू."

जगदेव तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. गोजराला वाटलं, जिंकले. पण तो हळूच म्हणाला, "गोजरे, माही लाज झाकाले तू आपल्या आंगावर घेऊन राह्यली. मले समजत नाई काय? चार चार दिवस तरटावर बसलेली मी पाह्यली तुले. खोटी बसते म्हनं! कोनती बाई असं करन?"

"देवाची आन, जी! खरं सांगून राह्यली."

"आन नोको घेऊ. तू लय चांगली हायेस. पन गावानं मले नामर्द म्हटलं, गोजरे. ते तुह्या बोलण्यानं नाई धुतल्या जात." त्यानं दोराला गाठ मारली आणि गठ्ठा उचलून पाठीवर घेतला. गोजरा तिथंच मातीत बसली. तिनं पहिल्यांदाच खरं सांगितलं, आणि ते त्याला माया वाटली.

माघात लग्न झालं. इंझोरीची कस्तुरा आली, सोळा वर्षांची, हसरी, अंगानं शेंगेसारखी. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काही नव्हतं. ती गोजराला 'बाई' म्हणायची, तिच्या केसांना तेल लावून द्यायची. रंगूबाईची आण कुणाला आठवली नाही, खुद्द रंगूबाईलाही नाही. आता गोजरानं बसणं सोडून दिलं. दोन अमावस्या गेल्या, ती बसली नाही आणि घरात एकानंही ते विचारलं नाही. सगळ्यांचे डोळे कस्तुराच्या तरटाकडे लागलेले.

फाल्गुनाच्या अखेरीला, उन्हाळ्यासाठी मोटार परत जायच्या आधीच्या शेवटच्या बाजाराला, गोजरा एकटीच मालेगावला गेली. तांड्यावरची रुपाबाई डिंक विकायला निघाली होती, तिच्या मागं मागं चालत. तिला आता कुणी अडवत नव्हतं. तंबूत जाऊन तिनं सगळं सांगितलं, अगदी पहिल्या तरटापासून. डॉक्टरणीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"मागच्या वेळी का नाही सांगितलंस?"

"आत्याबाई हुभ्या होत्या जी."

 डॉक्टरीण आपल्या सावकाश मराठीत म्हणाली, "मी त्यांना बाहेर पाठवायला हवं होतं. ती माझी चूक झाली." तिनं तपकिरी बाटली काढली. "या गोळ्या मेंढीच्या गळ्यातली अशीच गाठ वाळवून करतात. तुला चालेल?"

"जहर असतं तरी चाललं असतं, बाई."

"रोज एक. बंद केल्या तर सगळं पुन्हा पहिल्यासारखं होईल. या आठ महिने पुरतील. मी दिवाळीनंतर येईन." तिनं गोजराच्या कपाळाकडे, कुंकवाकडे बघितलं. "पाळी येईल. पण मूल एकट्या बाईला होत नाही, हे तुला कळतं ना?"

गोजरानं मान हलवली आणि बाटली पदरात बांधली.

उतरंडीच्या तळातल्या गाडग्यात बाटली ठेवून ती रोज पहाटे एक गोळी खायची. वैशाखात तिला पहिल्यांदा ऊन लागलं. कपाळावरचा घाम बोटानं पुसून ती त्या बोटाकडे बघत राहिली. ज्येष्ठात तोंडाची सूज उतरली, डोळे मोठे दिसू लागले. जात्यावर डोळा लागेना. आवाळू अर्ध्यावर आलं. अंगात काम करायची उमेद आली, आणि घरानं त्या उमेदीचं सोनं केलं. गोठा, दळण, पाणी, निंदण, सगळं हळूहळू तिच्याकडे आलं. कस्तुराला ज्येष्ठापासून दिवस गेले होते. रंगूबाई तिला पाटावरून उठू देत नव्हती. जगदेव दिवसभर वावरात राही, घरी आला की कस्तुराच्या खोलीत जाई. गोजराशी तो अजूनही गोड बोलायचा. बाजाराहून गूळ आणला तर थोडा तिलाही द्यायचा. कस्तुराच्या पोटानं त्याचं तोंड गावात उजळलं होतं, तो पुन्हा पारावर बसू लागला होता. माणूस वाईट नव्हता तो. त्यानंच जास्त वाईट वाटतं.

श्रावणातल्या एका सकाळी गोजरा गोठ्यात शेण काढत होती. पोटात ओळखीची कळ आली. आधी तिला खरं वाटेना. मग लुगड्याला डाग लागलेला दिसला. तशीच गव्हाणीला धरून ती उभी राहिली, आणि हसू आणि रडू तिला एकदमच आलं. तीन वर्षं! गाईच्या गळ्यात हात टाकून तिनं मनसोक्त रडून घेतलं. मग हात धुतले, कोपऱ्यात उभं करून ठेवलेलं तरट काढलं, झटकलं, पडवीत अंथरलं आणि त्यावर नीट मांडी घालून बसली. लांबूनच तिनं आवाज दिला, "आत्याबाई, मी बाहेर बसली वो!" तिचा आवाज मोकळा झाला होता, घरभर गेला.

आतून उत्तर आलं नाही. ती वाट बघत बसली. पूर्वी असं सांगितलं की घटकाभरात रंगूबाई थाळीत भाकर टाकून लांबून सरकवायची. ऊन पडवीत आलं, पायापर्यंत चढलं. आतून फोडणीचा वास आला. कस्तुरा कशाला तरी हसली. थाळी आली नाही.

दुपार होत आली तेव्हा रंगूबाई बाहेर आली. थेट तरटापर्यंत आली, शिवाशिव न बघता अगदी जवळ. तिच्या हातात भाकर नव्हती, निंदणाचं खुरपं होतं.

"अजून बसलीच काय व? बाया कवाच्या वावरात गेल्या."

"आत्याबाई, मी बाहेर..."

"आयकलं. आता तुह्या बसण्याचं कोनाले काय पडलं, गोजरे? बसली काय अन् नाई बसली काय. कस्तुरेच्या जिवाले आता निंदण झेपत नाई. तू जाय."

गोजरानं तोंड उघडलं. हे खरं आहे, आत्याबाई, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण रंगूबाईनं खुरपं तरटावर टाकलं होतं आणि ती कस्तुराला जेवायला हाक मारत आत वळली होती. गोजरानं पदर कमरेला खोचला, खुरपं घेतलं आणि वावराकडे निघाली.